जंगल तोडलेल्या जमिनीचा सामू एकीकडे वाढतो आणि दुसरीकडे घटतो, तो कशामुळे?

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्याच्या एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आजोबांनी सागाचे रान तोडून जमीन वहितीखाली आणली. पहिली काही वर्षे तिथे खताशिवाय उत्तम कापूस होत असे, असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. आज युरिया आणि डीएपी वाढवत नेऊनही पीक पिवळे पडते. माती परीक्षणात सामू (पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर विम्लधर्मी) ८.३, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या जैविक पदार्थातील कार्बन) ०.३८ टक्के, मुक्त चुना (कॅल्शियम कार्बोनेट) ९ टक्के, जस्त ०.४२ पीपीएम (दहा लाखात भाग) आणि लोह ३.९ पीपीएम आले. बांधापलीकडच्या जंगलातील मातीही त्यांनी तपासून घेतली. तिचा सामू ७.४ आणि सेंद्रिय कर्ब १.२ टक्के निघाला. त्यांच्या मामांची धानाची बांधी (बांध घालून पाणी साठवलेले शेत) गडचिरोलीतील कुरखेडा तालुक्यात आहे. तीही जंगल तोडूनच तयार केलेली, पण तिचा सामू ५.६ आणि कर्ब ०.४५ टक्के आहे. त्यांचे विचारणे असे की, जंगल तोडल्याने जमीन चुनखडीची होते की आम्लधर्मी? सामू खाली आणणारे म्हणून दुकानदार जे उत्पादन सुचवतो ते घ्यावे का? आणि दोन एकर पुन्हा झाडांना सोडले तर माती पूर्ववत होईल का?

माती सर्वेक्षण आणि माती परीक्षणाच्या कामानिमित्त पश्चिम विदर्भातील काळ्या आणि पूर्व विदर्भातील तांबड्या-पिवळ्या, अशा दोन्ही जमिनी मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. त्या आधारावर प्रथम हे सांगतो की आपल्या प्रश्नाचा गाभा सामू हा नाही. जंगल उभे असताना अन्नद्रव्ये मातीतून झाडात, झाडातून पालापाचोळ्यात आणि पाचोळ्यातून पुन्हा मातीत अशी फिरत राहतात, आणि या फेऱ्यातून बाहेर फारच थोडे निसटते. या फेऱ्यामुळे वरचा थर त्याच्या खालच्या खडकाच्या मूळ स्वभावापासून काहीसा दूर राहतो. झाडे गेली आणि फेरा तुटला की माती त्या स्वभावाकडे सरकू लागते. आपल्या जमिनीखाली बेसाल्ट आहे, म्हणून ती चुन्याकडे सरकली. मामांच्या जमिनीखाली ग्रॅनाइट आणि नाईस जातीचे जुने खडक आहेत, म्हणून ती आम्लतेकडे सरकली. कारण एकच असून परिणाम दोन दिशांना गेले आहेत.

अर्थात, हे सरकणे किती आणि किती वेगाने होईल हे परिस्थितीवर अवलंबून असते. उतार किती, पाऊस किती, मातीत चिकणमाती किती, तोडीनंतर कापूस आला की धान की संत्रा, धसकटे जाळली की गाडली, विहिरीचे पाणी कसे आहे, अशा अनेक गोष्टी त्यात येतात. म्हणून पुढील विवेचन आपण दिलेल्या आकड्यांना धरून आहे. ते प्रत्येक वनजमिनीला जसेच्या तसे लावू नये.

आकड्यांचा अर्थ लावण्यापूर्वी नमुन्यांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. जंगलातील माती आणि शेतातील माती यांची तुलना तेव्हाच खरी ठरते, जेव्हा दोन्ही नमुने एकाच प्रकारच्या जमिनीतून, उताराच्या सारख्याच टप्प्यावरून आणि सारख्याच खोलीवरून घेतलेले असतात. आपल्याकडे पूर्वजांनी साधारणपणे खोल आणि सपाट जमीन वहितीला घेतली, आणि उथळ, मुरमाड, चढाची जमीन जंगलाखाली राहिली. त्यामुळे आज बांधापलीकडे उभे असलेले जंगल म्हणजे आपल्या शेताचा जुना चेहरा, असे सरसकट म्हणता येत नाही. जंगलात नमुना घेताना वरचा न कुजलेला पाचोळा बाजूला सारला नसेल, तर कर्ब फुगलेला दिसतो. शिवाय नांगरटीखालची माती दाबली जाऊन घट्ट होत असल्याने टक्केवारीतील घट आणि प्रत्यक्ष कर्बसाठ्यातील घट यांत फरक पडतो. या सगळ्याची वजावट करूनही आपल्या दोन नमुन्यांतील अंतर मोठे आहे, एवढे नक्की म्हणता येते.

आता जंगल काय करत होते ते पाहू. आपल्याकडचे रान पानझडीचे आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, सालई, खैर ही झाडे हिवाळ्याच्या शेवटापासून पाने गाळू लागतात. सागाच्या पानात कॅल्शियमचे प्रमाण चांगले असते, आणि ऐन तर कॅल्शियम आपल्या सालीत आणि लाकडात साठवून ठेवण्यासाठी ओळखला जातो. या झाडांची मुळे खोल थरांतील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश वर उचलतात आणि पानांच्या रूपाने जमिनीच्या पृष्ठभागावर पसरतात. वाळवी, गांडुळे आणि बुरशी त्या पाचोळ्याचे तुकडे करून तो मातीत मिसळतात. सावलीमुळे माती कमी तापते आणि पाचोळ्यामुळे पावसाचा मारा थेट मातीवर पडत नाही.

यात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, पण माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. उन्हाळाभर कोरडी राहिलेली माती पहिल्या पावसाने भिजली की तिच्यातील सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि थोड्याच दिवसांत सेंद्रिय पदार्थातून मोठ्या प्रमाणात नत्र मोकळा होतो. जंगलात त्या वेळी झाडांची मुळे आधीच जमिनीत पसरलेली असतात आणि हा नायट्रेटच्या रूपातील नत्र ती लगेच उचलतात. शेतात मात्र मृगाच्या पावसाच्या वेळी एकतर पेरणीच झालेली नसते, किंवा कापसाचे रोप दोन पानांवर असते. तो नत्र उचलणारे कोणीच नसते. जुलैच्या जोरदार पावसात त्यातील बराच भाग खाली झिरपतो, पाण्याबरोबर वाहून जातो किंवा पाणी साचलेल्या काळ्या जमिनीतून वायुरूपाने हवेत जातो. ही गळती दरवर्षी होते. नायट्रेट खाली जाताना एकटे जात नाही. आपल्यासोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाशही घेऊन जाते, आणि नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर होताना मागे आम्लता उरते. काळ्या जमिनीत चुना असल्याने ही आम्लता जागच्या जागी शमते. मामांच्या जमिनीत ती शमवणारे फारसे काही नसल्याने ती दरवर्षी थोडी थोडी साठत जाते.

मग पहिली काही वर्षे एवढे चांगले पीक कसे आले? याची दोन कारणे आहेत. झाडे तोडल्यावर फांद्या आणि पालापाचोळा सामान्यतः जागेवरच जाळला जात असे. राखेत पालाश, कॅल्शियम आणि थोडा स्फुरद असतो आणि ती विम्लधर्मी असते, त्यामुळे आम्ल जमिनीत तिचा फायदा विशेष जाणवतो. भामरागडकडील माडिया लोकांची पारंपरिक पेंदा शेती याच राखेवर उभी होती, आणि काही वर्षांनी जागा बदलून रानाला पुन्हा वाढू देणे हा त्या पद्धतीचाच भाग होता. मात्र जाळताना नत्र आणि गंधक यांचा मोठा भाग धुरात जातो, आणि राखेचा प्रभाव दोन-तीन पावसाळ्यांत ओसरतो.

दुसरे कारण अधिक मोठे आहे. जंगलाच्या मातीत सेंद्रिय पदार्थ मातीच्या रव्यांच्या आत बंदिस्त असतो, त्यामुळे सूक्ष्मजीवांना तो सहजासहजी मिळत नाही. नांगर आणि वखर ते रवे फोडतात, माती उघडी पडते, मे महिन्याच्या उन्हात तापते, आणि आतला साठा वेगाने कुजू लागतो. कुजताना त्यातील नत्र, गंधक आणि स्फुरद पिकाला उपलब्ध होतात. पीक डोलते, परंतु ते जंगलाने भरून ठेवलेल्या कणगीतून खात असते आणि त्या कणगीत कोणी नवे धान्य ओतत नसते.

हा साठा किती मोठा होता याचा ढोबळ हिशेब आपल्याच आकड्यांवरून करता येतो. एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातील मातीचे वजन सुमारे ८ लाख किलो धरतात. कर्ब १.२ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांच्या आसपास आला, म्हणजे ०.८ टक्के घट झाली. तेवढ्या मातीत ही घट सुमारे ६,४०० किलो कर्बाची होते. मातीतील सेंद्रिय पदार्थात साधारणतः १२ भाग कर्बामागे १ भाग नत्र असतो, म्हणून त्यासोबत सुमारे ५३० किलो नत्र गेला. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे जवळपास २१ किलो नत्र असतो. याचा अर्थ, एकरी सुमारे २५ पोती युरियाइतका नत्र या जमिनीतून काही पिकात, काही पाण्यात आणि काही हवेत गेला. आजोबांच्या काळातील खताविना आलेल्या कापसाचे स्पष्टीकरण या हिशेबात आहे.

कर्बाची घट सरळ रेषेत होत नाही. सुरुवातीची वर्षे ती वेगाने होते, पुढे मंदावते आणि शेवटी एका नव्या, खालच्या पातळीवर स्थिरावते. जंगलाचे शेतात रूपांतर झाल्यावर मातीतील कर्बसाठा सरासरी ४२ टक्के घटतो, असा निष्कर्ष गुओ आणि गिफर्ड यांनी जगभरातील नोंदींचा आढावा घेऊन २००२ मध्ये मांडला होता. आपल्या जमिनीतील घट त्याहून बरीच मोठी दिसते. केवळ कुजण्याने एवढी घट व्हावी, असे काळ्या चिकण मातीत मला वाटत नाही, कारण चिकणमाती कर्बाला धरून ठेवते. येथे मातीच वाहून गेली असावी असा माझा कयास आहे, आणि सामूचा आकडा त्याला दुजोरा देतो.

८.३ ही संख्या योगायोगाने आलेली नाही. मातीत मुक्त चुना असेल आणि ती हवेतील कार्बन डायऑक्साइडशी समतोलात असेल, तर तिचा सामू ८.२ ते ८.४ च्या दरम्यान येऊन थांबतो. म्हणजे आपल्या शेतात चुना अगदी पृष्ठभागापर्यंत आहे. जंगलातील नमुन्याचा ७.४ हा सामू सांगतो की तेथील वरच्या थरात मुक्त चुना जवळपास नाही. शतकानुशतकांच्या पावसाने आणि मुळांच्या व पाचोळ्याच्या सौम्य आम्लांनी तो विरघळून खाली गेला आहे. बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या जमिनीत चुना सामान्यतः खोलीबरोबर वाढत जातो आणि खाली चुनखडीचे पांढरे खडे लागतात. वरचा चुनाविरहित थर धुपून गेला, किंवा ट्रॅक्टरच्या खोल नांगरटीने खालचा थर वर आला, की सामू आपोआप चढतो. यवतमाळच्या चढउताराच्या रानांत, उताराच्या दिशेने केलेल्या पेरणीत, हे मी वारंवार पाहिले आहे. खात्री करून घ्यायची असेल तर शेताच्या वरच्या टोकाला, मध्ये आणि खालच्या टोकाला हातभर खड्डे घ्या आणि निरनिराळ्या खोलीवरील मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. जिथे चुना आहे तिथे ती फसफसते. वरच्या टोकाला पृष्ठभागापासूनच फसफस आणि खालच्या टोकाला काही खोलीनंतर फसफस असे दिसले, तर धुपीविषयी शंका उरत नाही.

येथे एक भेद स्पष्ट करतो. चुनखडीची जमीन आणि चोपण (सोडियम साचून बिघडलेली) जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामू ८.५ च्या वर जाऊ लागला की सोडियमचा संशय घ्यावा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा ही सोडियमची समस्या असून ती तेथील भूरचना, हवामान आणि निचऱ्याशी निगडित आहे. तिचे खापर जंगलतोडीवर फोडणे योग्य होणार नाही. आपण बोअरचे पाणी देत असाल तर ते मात्र अवश्य तपासून घ्या. पाण्यातील अवशिष्ट सोडियम कार्बोनेट लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त असेल, तर ते पाणी काळ्या जमिनीला हळूहळू चोपण करते.

आता दुकानदाराच्या उत्पादनाविषयी. आपल्या मातीत मुक्त चुना ९ टक्के आहे. म्हणजे एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात ७२,००० किलो चुना आहे. १०० किलो चुना संपवायला ३२ किलो गंधक लागते, म्हणजे एकरी सुमारे २३,००० किलो गंधक घातले तरच या थराचा सामू कायमचा खाली येईल. बाटलीतील चार-पाच लिटर द्रावणाने किंवा एका पोत्याने हे होणे नाही. गंधकाची कमतरता भरून काढण्यासाठी एकरी ८ ते १० किलो गंधक घालणे वेगळे आणि ते सोयाबीनला उपयोगी आहे. परंतु सामू उतरवण्यासाठी आपण एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिप्समही चोपण जमिनीसाठी आहे. विनिमयक्षम (मातीच्या कणांना चिकटलेल्या) सोडियमची टक्केवारी तपासल्याशिवाय ते घालण्याचे कारण नाही.

पीक पिवळे पडण्याचे कारण चढलेला सामू आणि घटलेला कर्ब या दोन्ही गोष्टींच्या संगमात आहे. जस्ताची किमान गरज साधारण ०.६ पीपीएम आणि लोहाची ४.५ पीपीएम धरली जाते; आपली दोन्ही मूल्ये त्याखाली आहेत. याचा अर्थ मातीत लोह नाही असा नव्हे, कारण बेसाल्टच्या मातीत लोह भरपूर असते. जास्त सामूला ते अविद्राव्य रूपात राहते. जंगलाच्या मातीत पाचोळ्यापासून तयार होणारी सेंद्रिय आम्ले लोह आणि जस्त यांना पकडून मुळांपर्यंत पोहोचवत होती; कर्ब गेला तसा हा वाहकही गेला. स्फुरदाचेही तेच. डीएपीतील स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि युरिया वरून फेकला तर जास्त सामूमुळे त्याचा अमोनिया होऊन उडतो. म्हणून पोती वाढवूनही पीक प्रतिसाद देत नाही.

मामांच्या जमिनीत चित्र वेगळे आहे. काळ्या मातीतील स्मेक्टाइट चिकणमाती अन्नद्रव्ये धरून ठेवण्यास स्वतःच समर्थ असते. १०० ग्रॅम मातीमागे ४० ते ६० मिलिइक्विव्हॅलंट इतकी तिची विनिमय क्षमता (अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे माप) असते. तांबड्या-पिवळ्या मातीत केओलिनाइट प्रमुख असतो आणि त्याची धरून ठेवण्याची ताकद फारच कमी असते. तेथे ते काम मुख्यतः सेंद्रिय पदार्थ करतो. म्हणून कर्बात सारखीच घट झाली तरी आपल्या जमिनीपेक्षा मामांच्या जमिनीचे नुकसान अधिक खोलवरचे असते: तिने अन्नद्रव्येही गमावली आणि ती ठेवण्याची जागाही गमावली. तेथे स्फुरद बांधला जातो तो चुन्याशी नव्हे, तर लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडशी. त्यामुळे दोन्ही अहवालांत स्फुरद कमी दिसला तरी उपाय एक नसतो. रॉक फॉस्फेट मामांच्या जमिनीत हळूहळू विरघळते. आपल्या जमिनीत ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहील.

तरीही ५.६ हा सामू घाबरण्यासारखा नाही. ॲल्युमिनियमची विषारी बाधा साधारण ५.५ च्या खाली सुरू होते. शिवाय ती धानाची बांधी आहे. पाणी साचले की मातीतील प्राणवायू संपतो, लोहाचे क्षपण होते आणि सामू उदासीनतेकडे चढतो. मे महिन्यात ५.६ दाखवणारी बांधी ऑगस्टमध्ये साडेसहाच्या आसपास असू शकते, आणि त्या काळात बांधलेला स्फुरदही काही प्रमाणात मोकळा होतो. पाण्याखाली सेंद्रिय पदार्थ कुजण्याचा वेगही मंद असतो. म्हणून जंगलाची बांधी झाली तर कर्बाचे नुकसान सामान्यतः जंगलाचे कोरडवाहू शेत होण्यापेक्षा कमी असते. चुना द्यायचाच झाला तर तो धानासाठी नव्हे, नंतरच्या हरभऱ्यासाठी किंवा बांधावरच्या तुरीसाठी द्यावा. जस्त मात्र पाणी साचल्यावर कमी उपलब्ध होते, तेव्हा धानाच्या पानांवर तांबूस ठिपके दिसले तर खैरा रोगाचा विचार करावा.

मामांकडे गाळाचा मार्गही आहे. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांचा (पूर्वीच्या मालगुजारांच्या काळातील गावतलावांचा) गाळ शेतात टाकण्याची रीत जुनी आहे आणि ती रसायनशास्त्राच्या दृष्टीने अतिशय योग्य आहे, कारण त्या गाळातील चिकणमाती हलक्या बरड जमिनीला तिची हरवलेली धारणशक्ती काही अंशी परत देते. पण तलावाच्या वरच्या अंगाचे जंगल टिकून असेल तोपर्यंतच तो गाळ काळा आणि कसदार असतो. पाणलोट उघडा पडला की तलावात रेती आणि मुरूम येऊ लागतो. म्हणून गाळ उचलण्यापूर्वी त्याचाही नमुना तपासावा आणि त्यात रेती जास्त असेल तर वाहतुकीचा खर्च करू नये.

जंगल गेल्याचा आणखी एक परिणाम शेताच्या अहवालात दिसतो, पण त्याचे कारण शेतात नसते. पूर्वी गावाची गुरे दिवसभर रानात चरत आणि रात्री गोठ्यात किंवा शेतात बसत. धनगरांचे कळप शेतात बसवले जात. म्हणजे जंगलातील नत्र, स्फुरद आणि पालाश शेणाच्या आणि लेंडीच्या रूपाने दरवर्षी शेतात येत असे, आणि त्याची कुठेही नोंद होत नसे. रान आटले, गुरे कमी झाली, उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या झाल्या आणि पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) चुलीत किंवा धुऱ्यावर जळू लागल्या. ही आवक बंद झाल्याची भरपाई युरियाने होत नाही, कारण युरियात फक्त नत्र आहे.

आपल्या जमिनीत काय करावे, याचा क्रम मी असा लावीन. आधी माती वाहून जाणे थांबवा. ते थांबल्याशिवाय बाकी सर्व खर्च वाया जातो. पेरणी उताराला आडवी करा, शक्य तिथे रुंद वरंबा सरी पद्धत घ्या, धुऱ्यावर गवत ठेवा आणि खोल नांगरट दरवर्षी करू नका. त्यानंतर पऱ्हाट्या यंत्राने बारीक करून जमिनीत मिसळा. शेणखत एकरभर पातळ फेकण्याऐवजी पेरणीच्या ओळीत द्या. म्हणजे निदान मुळांच्या परिसरात तरी कर्ब आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये यांची सोबत होईल. झिंक सल्फेट एकरी १० किलो याच शेणखतात मिसळून द्या, डीएपीसोबत देऊ नका. लोहासाठी फेरस सल्फेट जमिनीत टाकण्यात अर्थ नाही, कारण चुनखडीत ते लवकरच अविद्राव्य होते, त्याची ०.५ टक्के तीव्रतेची फवारणी करावी. युरिया नेहमी मातीआड करा आणि हप्त्यांत विभागून द्या. धुऱ्यावर गिरिपुष्प लावला तर त्याचा पाला दरवर्षी कापून सरीत टाकता येतो. कापसात तुरीच्या ओळी ठेवण्याची आपली जुनी पद्धत सोडू नका, कारण तुरीचा गळणारा पाला हाच सध्या आपल्या शेतातील उरलासुरला पाचोळा आहे.

अपेक्षा मात्र वास्तव ठेवावी लागेल. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर एकरी ८०० किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. एका टन शेणखतातील कर्बापैकी दीर्घकाळ टिकणारा भाग ढोबळमानाने ३० किलो धरला, तर एकरी ४ टन दरवर्षी देऊन ही वाढ होण्यास सहा-सात वर्षे लागतात, आणि तीही धूप थांबलेली असेल तर. १.२ हे लक्ष्य शेती चालू ठेवून गाठता येणार नाही. ०.५ ते ०.६ पर्यंत जाणे शक्य आहे, आणि एवढ्या वाढीनेही पाणी धरून ठेवणे, जस्ताची उपलब्धता आणि खताचा प्रतिसाद यांत फरक जाणवतो.

शेवटचा प्रश्न दोन एकर झाडांना सोडण्याचा. त्यातील काही गोष्टी परत येतील, काही येणार नाहीत. कर्ब आणि नत्र आधी वरच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये वाढू लागतील आणि हा बदल काही वर्षांतच तपासणीत दिसेल. खालच्या थरांपर्यंत तो पोहोचण्यास अनेक दशके लागतात. जो चुनाविरहित थर वाहून गेला तो मात्र आपल्या किंवा नातवंडांच्या काळात तयार होणार नाही, त्यामुळे सामू ७.४ वर येण्याची वाट पाहू नये. केवळ साग लावण्याचा विचार असेल तर पुनर्विचार करावा. सागाच्या मोठ्या पानांवरून पडणारे पाण्याचे थेंब मोठे असतात, आणि खाली झुडूप-गवत नसेल किंवा दरवर्षी पाचोळा जळत असेल, तर सागाखालीही माती धुपते. मोह, कडुनिंब, बांबू, खैर, बाभूळ अशी मिश्र झाडे, त्यांच्याखाली गवत, आणि मोहफुलांच्या व तेंदूपानांच्या हंगामातील वणव्यापासून संरक्षण, हे तिन्ही एकत्र असेल तरच तुटलेला फेरा पुन्हा जुळू लागेल. जागा निवडताना शेताचे वरचे, सर्वाधिक धुपलेले टोक निवडावे. तेथे पिकाचे नुकसान सर्वांत कमी आणि खालच्या शेताला होणारा लाभ सर्वांत जास्त असतो.

पुढील मे महिन्यात, खत घालण्यापूर्वी, शेताचे वरचे, मधले आणि खालचे टोक असे तीन भाग करून प्रत्येकातून ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर खोलीचे स्वतंत्र नमुने घ्यावेत. जस्त तपासायचे असल्याने जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नये, प्लास्टिकची घ्यावी. झाडाखालची, धुऱ्याजवळची आणि उकिरड्याच्या जागेची माती टाळावी, आणि नमुना सावलीत वाळवावा. नेहमीच्या तपासण्यांबरोबर मुक्त चुना आणि विनिमयक्षम सोडियमही मागावे. हे आकडे हाती आल्यावर कोणत्या टोकाला किती माती गेली आहे ते नेमके सांगता येईल, आणि झाडांसाठी कोणते दोन एकर सोडायचे तेही त्यांवरूनच ठरवावे.